विवाहित – वेगळे

…आणि वर मलाच म्हणतात, "हेल्मी, तू त्यांचं लग्न मोडलंस!" मी? मी मोडलं? अहो, मला एक ओळ भरायची होती हो, एकच ओळ!

नाही, थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते आणि मग तुम्हीच ठरवा. मी तिकडे बॉस्टनला कराचा कायदा शिकत होते ना, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एक चित्र होतं. हसू नका. चित्र असं, की मी शिकून माझ्या गावी, अस्टोरियाला परत आलेय, आमच्या फिनिश समाजाच्या हॉलमध्ये टेबल टाकलंय, वर पाटी, 'कर-विवरण मोफत भरून मिळेल', आणि समोर ही रांग! कोळी, सुतार, नर्सा, शाळेतल्या बाया, सगळ्यांच्या हातात कागद, आणि मी एकेकाला समजावतेय की बाबांनो, कर म्हणजे दंड नव्हे, कर म्हणजे आपण एकमेकांना दिलेला शब्द आहे! तुमची शाळा, तुमचा पूल, बंदरातला दिवा, हे सगळं ह्या कागदातून उगवतं! आणि कुणीतरी म्हातारा डोळे टिपत म्हणतोय, "पोरी, आज कळलं गं…"

प्रत्यक्षात काय झालं? टेबल मिळालं तळघरात, कॉफीच्या किटलीला चिकटून. पाटी मी इतकी जीव ओतून रंगवलेली, तिच्यावर पहिल्याच शनिवारी कुणीतरी वेलदोड्याच्या पावाची परात ठेवली. रांग लागली, नाही असं नाही, पण ती कॉफीची! येणारा प्रत्येक जण कप भरणार, माझ्याकडे बघणार आणि विचारणार, "तू कांगासांची ना? परत कधी जाणार?"

परत कधी जाणार! अहो, मी परत आलेय! पण आमच्याकडे एकदा कुणी बॉस्टनला गेलं की ते फक्त नाताळाला आणि मयताला दिसतं अशी समजूत, त्यामुळे मला बघून लोक आधी विचारायचे, "कोण गेलं?" त्यात एकदा आमच्या वाफेच्या न्हाणीघराबद्दल बोलताना माझ्या तोंडून 'सॉना' गेलं. झालं! अख्खं तळघर वळलं. उर्हो आजोबा, जन्मभर नदीत जाळी टाकलेला माणूस, त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "साउना. सा-उ-ना. बॉस्टनला गेलीस ते एक असो, पण शब्द तरी इथे ठेवून जायचा होतास." तेव्हापासून मी कुठल्याही कायद्याबद्दल तोंड उघडलं की मागून कुणीतरी हळूच म्हणणार, "सॉना…"

तर अशा परिस्थितीत, विवरण भरायची एप्रिलमधली मुदत तोंडावर आलेली, शनिवारची सकाळ, मी रिकामी बसलेली, आणि जिन्यावरून कोण उतरतंय? आयली मावशी आणि वायनोकाका!

आता मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. शाळेचं स्वयंपाकघर सांभाळते, इथे अस्टोरियात, म्हणजे ओरेगॉनमध्ये. कार्लकाका गेल्यावर बरीच वर्षं एकटी होती. आणि वायनोकाका पलीकडच्या तीरावरचे, नॅसेलचे, म्हणजे वॉशिंग्टन राज्यातले. खाडीत कालवं काढतात. त्यांची व्हर्ना गेलेली. दोघं कुणाच्या तरी तेराव्याला, म्हणजे आपलं ते दफनानंतरच्या कॉफीला भेटले, आणि गेल्या जूनमध्ये ह्याच हॉलमध्ये लग्न झालं. साठीला टेकलेली जोडी, पण नाचली अशी, की उर्हो आजोबांनी स्वतःचा गुडघा चोळला.

पण लग्न झालं तरी कामं सुटलीत का? मावशीला पहाटे चुली पेटवायच्या. काकांना ओहोटी गाठायची, आणि ओहोटी काही घड्याळ बघून येत नाही. मध्ये नदी, नदीवर तो लांबलचक पूल, पुलावर वारा. म्हणून आठवडाभर ती तिच्या घरी, ते त्यांच्या घरी. शनिवारी मावशी पूल ओलांडून नॅसेलला, कारण काकांकडे साउना. रविवारी काका इकडे टेकडीवर, कारण मावशीकडे चर्च आणि रोस्ट. सगळ्या गावाला माहीत होतं, आणि गावात कुणीही कधीही, तुम्हाला सांगते, एका शब्दाने विचारलं नव्हतं की तुम्ही राहता नक्की कुठे? आमची माणसं असं विचारत नाहीत. विचारायला बॉस्टनला शिकलेलं कुणीतरी लागतं.

"बसा!" मी म्हटलं. "राज्य?"

"ओरेगॉन," मावशी.

"वॉशिंग्टन," काका.

दोघं एकदम! आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! नवरा-बायको, कामं दोन राज्यांत, घरं दोन राज्यांत… हे उदाहरण आम्हाला शिकवताना फळ्यावर होतं, आणि इथे चालत-बोलत माझ्यासमोर! मी म्हटलं, "मावशी, तुमची केस फार सुंदर आहे!"

"ऑपरेशन तर नाही ना गं?" मावशी म्हणाली.

"नाही हो! केंद्राचा फॉर्म दोघांचा एकत्र. राज्याचा प्रश्न वेगळा. ओरेगॉन पगारावर कर घेतं, वॉशिंग्टन पगाराला हातच लावत नाही. तेव्हा आधी ठरवायचं की दोघांचं घर एक, का दोन. कायद्यात सोय आहे! फक्त एक ओळ भरायची!"

काका म्हणाले, "हं." ह्या माणसाने जन्मात राज्याच्या कराचा फॉर्म पाहिला नव्हता. तो त्या कागदाकडे असा बघत होता, जसं काही तो कागद चावेल.

आणि मग मी ते केलं. करायला नको होतं. मी उभी राहिले. पुस्तिका हातात घेतली, आणि कॉफीवाल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात घराची व्याख्या वाचली. का वाचली? कारण मला ती आवडते! सरकारी पुस्तकात इतकं सुंदर वाक्य दुसरं नाही! 'घर म्हणजे अशी जागा, की माणूस दूर गेला तरी जिथे परत यायचा त्याचा इरादा असतो.' ऐका तरी! फॉर्मला रिटर्न का म्हणतात ते मला तिथे उमगलं. माझ्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

"तर मावशी?"

"माझं घर हे इथलं. टेकडीवरचं."

"छान. काका?"

काका विचारात पडले. "कुठून परत?"

"कुठूनही."

"मी कुठे जातो?"

"समजा गेलात."

"कशाला?"

"समजा, शिकागोला गेलात."

"शिकागोला कालवं नाहीत."

"फिरायला हो, काका!"

"ओहोटी बुडेल."

मावशी हसली. तेव्हा हसत होती हो! मी तिथेच थांबायला हवं होतं. मी थांबलेही असते, पण किटलीजवळून उर्हो आजोबा ओरडले, "अरे वायनो, समजा मेलास, आणि वरून तुला परत पाठवलं, तर पहिल्यांदा कुठल्या दारात जाऊन उभा राहशील?"

आणि हा माणूस, ज्याला 'साखर घेणार का' ह्या प्रश्नाला अर्धा कप लागतो, हा चटकन म्हणाला, "साउनाच्या."

अख्ख्या तळघराच्या माना मावशीकडे वळल्या.

मावशीने कप खाली ठेवला. "साउनाच्या. म्हणजे नॅसेलला."

"हं."

"माझ्या दारात नाही."

काकांना आता कळलं की आपण काहीतरी बोललो. पण आमची पुरुषमंडळी, एकदा बोलली की वर्षभराचा कोटा संपतो. आणि मी? मी मदतीला धावले! का गं बाई, का? मी म्हटलं, "असं मनावर घेऊ नका, कायद्यात बघायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. मत कुठे देता, डॉक्टर कुठला, जिवाभावाच्या वस्तू कुठे ठेवता… काका, मावशीकडे तुमचं काय काय असतं?"

"पिशवी."

"पिशवीत काय?"

"दाढीचं."

"मग ते कपाटात नाही ठेवत?"

"कपाट भरलंय."

"कशाने?"

मावशीच म्हणाली, खाली बघत, "कार्लच्या कोटांनी." आणि मग एकदम मान वर करून, "आणि ह्यांच्या साउनाचं विचार की! बाहेरच्या खोलीत दोन खुंट्या. एक ह्यांची. एक व्हर्नाची. मी टॉवेल दाराच्या कडीला अडकवते, जूनपासून, दर शनिवारी, आणि तो वाफेने असा पिळून काढावा लागतो!"

"खुंट्या बापाने ठोकल्यात," काका म्हणाले.

"मग बापालाच बोलाव पाठ घासायला!"

आता सांगा, ह्यात मी काय केलं? मला एक ओळ भरायची होती! पण तेवढ्यात तळघराचे दोन तट पडले. नदीच्या ह्या तीराचे म्हणतात, "पगारावर कर नको म्हणून तिकडे राहायचं आणि विकत घेताना कर नको म्हणून फ्रीज इकडून न्यायचा, हीच तुमची नॅसेलची जात!" तिकडचे म्हणतात, "तुमच्या फ्रीजमधली कालवं कुठून येतात ते बघा आधी!" मी मध्येच ओरडले, "मंडळी, मंडळी, वॉशिंग्टनच्या कायद्यात तर लग्नानंतरची कमाई दोघांची निम्मी-निम्मी असते!" मला वाटलं, ऐकून मावशीला बरं वाटेल. मावशी म्हणाली, "म्हणजे निम्मी कालवं माझी, आणि खुंटी एकसुद्धा नाही?"

मागून कुणीतरी म्हणालं, "सॉना…"

मावशी उठली. कोट चढवला. म्हणाली, "हेल्मी, लिही. वेगळे."

आणि मी, तुम्हाला खरं सांगते, मला कायद्याचं उत्तर मिळालं ह्याचाच आनंद! मी मोठ्याने, लग्न लावणाऱ्या पाद्र्याच्या वर आवाज काढून म्हटलं, "उत्तम! विवाहित – वेगळे!"

त्याच क्षणी जिन्यावरून बिस्किटांचा डबा घेऊन मार्लीन उतरत होती.

मार्लीन कोण ते सांगायला हवं. आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेची साखळी आहे. कुणी आजारी पडलं, कुणाची होडी आली नाही, की मार्लीन एकीला फोन करते, ती दुसरीला, ती तिसरीला, आणि सगळ्या जणी प्रार्थना करतात. फार चांगली पद्धत आहे. फक्त मार्लीनला निम्मंच ऐकू येतं, आणि उरलेलं ती श्रद्धेने भरून काढते. तिने मला पाहिलं, मावशीला कोट चढवून निघताना पाहिलं, काकांची मान खाली पाहिली, डबा जिन्यावर ठेवला आणि परत वर गेली.

"मार्लीन!" मी ओरडले. "कराबद्दल आहे ते! कराबद्दल!"

वरून आवाज आला, "हो गं बाळ, सुरुवात पैशावरूनच होते."

मी धावत रस्त्यावर येईतो बातमी पुलापलीकडे गेलेली! पेट्रोल भरणारा मला म्हणतो, "वाईट झालं, नाही? वर्षसुद्धा झालं नाही." मी त्याला तिथे पंपावर सगळं समजावलं, एकत्र म्हणजे काय, वेगळे म्हणजे काय, केंद्र काय, राज्य काय… तो ऐकत होता, टोपी काढून ऐकत होता, आणि शेवटी म्हणतो, "म्हणजे वकील तूच आहेस का?"

आणि मग ट्रे सुरू झाले. आमच्याकडे दुःख झालं की बोलत नाहीत, ट्रे पाठवतात. काचेचा ट्रे, त्यात बटाटे, चीज, वर कुरकुरीत काहीतरी, ओव्हनमध्ये भाजलेलं, आणि ट्रेच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव, म्हणजे रडून झाल्यावर भांडं परत करता यावं. पाद्रीबाबांचा मला फोन. "हेल्मी, मी मध्यस्थी करू का? फॉर्म अजून पाठवला नाहीस ना?" मी म्हटलं, "बाबा, तो घटस्फोटाचा फॉर्म नाही!" ते म्हणाले, "देवाचे आभार. मग अजून वेळ आहे."

दिवेलागणीला मी मावशीकडे गेले, माफी मागायला. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. ओट्यावर ट्रे, खिडकीत ट्रे, खुर्चीवर ट्रे. मावशी मधोमध हात बांधून उभी.

"लग्नाला एवढं आलं नव्हतं," ती म्हणाली.

"मावशी, मी सगळ्यांना सांगते, ही चूक…"

"हा बघ, मार्लीनचा. कार्ल गेला तेव्हा आला होता, तोच ट्रे. कोपऱ्याचा टवका ओळखते मी." मग ती एका रिकाम्या स्टुलावर बसली. कार्लकाकांची आरामखुर्ची तिथेच होती, पण त्या खुर्चीत कुणी बसत नाही. वायनोकाकाही दर रविवारी स्टुलावरच बसतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"कुणी विचारलं नाही तोवर छान चाललं होतं गं," मावशी म्हणाली. "मला वाटायचं, रविवारी हा घरी येतो. हा येत होता पाहुणा. पिशवी घेऊन. आणि मी तरी काय, दर शनिवारी टॉवेल घेऊन गेलेली पाहुणीच."

मी गप्प. मला गप्प बसता येतं हे मलाही नवीन होतं.

"आज शनिवार," ती म्हणाली. "मी गेले नाही. तोही आला नाही. आज हा आला नाही ना हेल्मी, तर मग तू लिहिलंस ते खरंच झालं असं समज. मी पुन्हा पूल ओलांडणार नाही. ह्या वयात कडीला टॉवेल नाही टांगवत."

आणि माझी अवस्था काय झाली असेल, सांगा तुम्ही! सबंध शिक्षणात मला कुणी हे शिकवलं नव्हतं की व्याख्या मोठ्याने वाचली की माणसं त्याप्रमाणे वागायला लागतात! मी खिडकीशी. गाडी आली की मान वर. शेजाऱ्यांची गाडी. ट्रेवाल्यांची गाडी. पुलावरचे दिवे लागले. आणि मग तो ओळखीचा खडखडाट, चिखलाने माखलेला तो ट्रक! काका उतरले. खांद्याला ती पिशवी, आणि हातांत, हनुवटीपर्यंत, एकावर एक… ट्रे! नॅसेलनेही पाठवले होते!

दार मी उघडलं. काका आत आले, जागा शोधली, सापडली नाही, तसेच उभे राहिले.

"एकट्याने संपणार नाही," ते म्हणाले.

बस! एवढंच! मावशी म्हणाली, "इथे काय कमी आहे?"

काकांनी वरचा ट्रे हनुवटीने सावरला. मग म्हणाले, "साउना तापलाय."

मी मनात म्हणतेय, अहो 'चल' म्हणा, 'ये' म्हणा, एखादं क्रियापद लावा! मावशी जागची हलली नाही. "टॉवेल कुठे टांगू?"

"खुंटी मोकळी केली."

मावशीचा चेहरा असा झाला… मला बघवेना. हळूच म्हणाली, "व्हर्नाची?"

"व्हर्नाची कशी काढू?" काका म्हणाले. "माझी."

"आणि तू कुठे टांगणार?"

"कडीला."

"ओला होईल."

"हं."

तुम्हाला सांगते, मी बॉस्टनला नाटकं पाहिलीत, कविसंमेलनं ऐकलीत, पण त्या 'हं'सारखं काही ऐकलेलं नाही. मावशीने त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि आत गेली. कपाटाची दारं वाजली. हँगर सरकल्याचा करकर आवाज. बाहेर आली ती काकांची पिशवी हातात घेऊन, झटकून, उलटी करून. रिकामी! "फार मळलीय," म्हणाली, "धुवायला टाकते." आणि काकांना म्हणाली, "उभा काय राहिलास? ट्रे ठेव खाली आणि बस. खुर्ची आहे ना ती." काका बसले. अर्ध्या अंगावर, जसं काही खुर्ची तापलेली आहे, पण बसले.

आता अशा वेळी माणसाने निघून जावं की नाही? पण माझं तोंड! मी म्हटलं, "मग आता… त्या ओळीत काय लिहायचं? घर कुठलं?"

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ही पोर शिकली तरी काय.

"वेगळे," मावशी म्हणाली. "सकाळीच सांगितलं ना! माझं ओरेगॉन, ह्याचं वॉशिंग्टन."

"ओहोटी आहे ना," काका म्हणाले.

म्हणजे उत्तर तेच! कायद्याने बरोबर, पहिल्यापासून बरोबर, मी ओरडून सांगितलं तेच! मग हे दिवसभर झालं ते काय होतं? ते दोघं हातात टॉवेल घेऊन निघाले, आणि मला मागे ठेवलं, ट्रेवरची नावं बघून भांडी परत करायला!

बटाटे वाटत मी रात्री ठरवून टाकलं. बास. उद्या जायचं, पाटी उतरवायची, टेबल परत करायचं, आणि सरळ बॉस्टन. तिथे निदान लोकांना सॉना चालतो.

सकाळी चर्च सुटायच्या सुमाराला हॉलवर गेले, आणि जिन्यापासून काय बघते? रांग! कॉफीची नाही हो, किटली थंडगार होती, माझी रांग! माझ्या चित्रातली! नदीच्या दोन्ही तीरांची माणसं, जोडीजोडीने. सगळ्यांत पुढे मार्लीन, नवऱ्याचा दंड धरून. मला म्हणते, "ह्याला तो प्रश्न विचार."

"कुठला?"

"परत यायचा. काल वायनोला विचारलास तो. ह्याचा इरादा मला एकदा चारचौघांत ऐकायचाय."

"मार्लीन, तुम्ही दोघं एकाच घरात राहता! चाळीस वर्षं!"

"म्हणूनच."

मागून कुणी ओरडलं, "आमच्या हिला खुंट्यांचंही विचार!" उर्हो आजोबाही रांगेत उभे. मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही तर एकटे आहात." ते म्हणाले, "म्हणून काय झालं? मला कुणी कधी विचारलंच नाही." आणि मग त्यांनी माझ्या टेबलावरचा तो एक फॉर्म उचलला, माझा स्वतःचा, अर्धं वर्ष तिकडचं आणि अर्धं इकडचं, सगळा भरलेला, नीटनेटका, फक्त एक जागा कोरी, घराची. डोळ्यांजवळ धरला. "काय गं, हे रिकामं का?"

सगळं तळघर माझ्याकडे बघतंय. आणि मला, ज्या मला दुसऱ्यांची ओळ भरायची एवढी घाई, त्या मला एक अक्षर सुचेना! खिशात बॉस्टनच्या खोलीची किल्ली अजून तशीच. कोट खुर्चीच्या पाठीवर, पहिल्या शनिवारपासून.

मार्लीन म्हणाली, "लिही की बाळ. एकच तर ओळ आहे!"

मग मी काय केलं? मी खाली बसले, मुदतवाढीचा अर्ज ओढला आणि सगळ्यांत वर स्वतःचं नाव लिहिलं. कर म्हणजे शब्द, वेळेवर पाळायचा शब्द, असं इतके शनिवार घसा फोडून सांगणारी मी! सहा महिन्यांची सवलत मागितली.

उर्हो आजोबांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "म्हणजे ऑक्टोबरपर्यंत आहेस."

"आहे," मी म्हटलं. "काय करता?"

"मग बस," ते म्हणाले, "आणि माझ्यामागून म्हण. सा… उ… ना."